‘आमचा तसा नाही हो’: किशोरवयीन मुलं, नशा आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालकसभेत हात वर करून विचारलेले प्रश्न वेगळे असतात आणि सभा संपल्यावर, बाकीचे चहाकडे वळले की, आवाज खाली आणून विचारलेले वेगळे. इथे दुसऱ्या प्रकारचे प्रश्न जास्त आहेत. उत्तरं महाराष्ट्रातली परिस्थिती समोर ठेवून दिली आहेत.

मुलगा सातवीत आहे. इतक्यात हा विषय काढायचा का? उगाच डोक्यात भरवल्यासारखं होईल.

विषय त्याच्या डोक्यात आधीच आहे. शाळेच्या वाटेवर टपरी आहे, टपरीवर पुड्यांच्या माळा लटकताहेत. विदर्भात खर्रा, पश्चिम महाराष्ट्रात मावा, घरात आजीची मिसरी, बांधावर काकांनी तळहातावर मळलेली तंबाखू. नशेशी पहिली ओळख अनेकदा इथेच होते आणि ती करून द्यायला बाहेरचा कुणी वाईट माणूस लागत नाही. ‘जा रे, एक पुडी आण, उरलेल्या पैशाचं चॉकलेट घे’ हे आपणच सांगतो. कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकता येत नाही, आणि आपण मात्र त्यालाच गिऱ्हाईक म्हणून पाठवतो. सुरुवात करायची असेल तर आधी हे काम त्याला सांगणं बंद करा. त्याला एक शब्दही न बोलता झालेली ती पहिली शिकवण.

बोलणं मात्र एका बैठकीत उरकण्यासारखं नसतं. अकरा-बारा वर्षांच्या मुलाशी तंबाखू, गुटखा आणि हुंगण्याच्या वस्तूंबद्दल बोलावं. चौदा-पंधराच्या मुलाशी बिअर, व्हेप, गांजा यांबद्दल. बारावीनंतर बाहेरगावी राहायला जाण्याआधी एकदा सगळंच उघडपणे. समोरासमोर बसवून ‘मला तुझ्याशी बोलायचंय’ म्हटलं की पोरं गोगलगायीसारखी आत जातात. स्कूटरवर मागे बसलेला असताना, भाजी निवडताना, मॅच बघताना तीन-चार मिनिटं बोलणं निघालं तर ते जास्त टिकतं.

आमच्या काळात सिगारेट आणि दारू होती. आता नेमकं काय काय आहे?

तंबाखू आणि दारू अजूनही सगळ्यात पुढे आहेत. बातम्यांत एमडी नावाचं ड्रग जास्त दिसतं म्हणून ही दोन विसरू नका. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो कुठे मिळतो हे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. ई-सिगारेट म्हणजेच व्हेपवर २०१९ पासून देशभर बंदी आहे. पेनड्राइव्हसारखी दिसते, फळांचा वास येतो, त्यामुळे घरात असूनही ओळखू येत नाही.

पालकांच्या यादीत बहुधा नसतो असा एक प्रकार म्हणजे हुंगणं: व्हाइटनर, थिनर, पंक्चरचं सोल्युशन. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त प्रमाणात आढळलेला असा हा एकच पदार्थगट होता. स्वस्त, दुकानात सहज मिळणारा, आणि पहिल्याच वेळी हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो असा. ‘गरीब वस्तीतल्या मुलांचा प्रश्न’ म्हणून तो बाजूला सारू नका. व्हाइटनर दप्तरात असतो.

मग कोडीनवालं खोकल्याचं औषध, झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या. मालेगावात अल्प्राझोलाम या चिंतेवरच्या गोळीला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात, दुसरीकडे ‘बटण’ हा शब्द चालतो. घरातल्या आजोबांच्या गोळ्यांची पट्टी उघड्यावर राहत असेल तर ती आजच कपाटात जाऊ द्या. आणि एमडी, म्हणजे मेफेड्रोन. २०१५ साली ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. गेल्या काही वर्षांत नाशिक, सोलापूर, कुरकुंभ इथे त्याचे कारखाने पकडले गेले, म्हणजे माल परदेशातून यायची गरज उरलेली नाही.

मुलगा किंवा मुलगी काही घेत असेल तर ओळखायचं कसं?

चिडचिड, दार लावून बसणं, उशिरा उठणं, उलट उत्तरं देणं ही नशेची लक्षणं म्हणून व्हॉट्सॲपवर फिरतात. ती पंधराव्या वर्षाचीही लक्षणं आहेत. एकेका गोष्टीवरून निष्कर्ष काढू नका. थोड्या दिवसांत तीन-चार गोष्टी एकदम बदलल्या तर लक्ष द्या: सगळे जुने मित्र सुटले आणि नव्यांची नावंही सांगत नाही, आवडीचा खेळ किंवा क्लास अचानक नकोसा झाला, घरातले पैसे, छोट्या वस्तू कमी होऊ लागल्या, मार्क घसरले.

काही खुणा जास्त नेमक्या असतात. डोळे लाल आणि खिशात डोळ्यांत घालायचे थेंब. बाहीवर, बोटांवर पांढरे डाग आणि कपड्यांना रंगाच्या दुकानासारखा वास. तोंड पूर्ण उघडत नाही, तिखट लागलं की आग होते: ही खर्रा-गुटख्याची, सुपारीची खूण आहे, दंतवैद्याला लगेच दाखवा. रात्र-रात्र झोप नाही, भूक नाही, जबडा आवळलेला, वजन उतरतंय आणि मग दोन दिवस सलग झोप: एमडीसारख्या उत्तेजकांमध्ये असं दिसतं.

मुलींच्या बाबतीत पालक जास्त उशिरा ओळखतात, कारण ते शोधतच नाहीत.

बोलायचं म्हणजे नेमकं काय बोलायचं? ‘कॅन्सर होतो’ हे त्याला माहीतच आहे.

म्हणूनच ते चालत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला पन्नाशीतला कॅन्सर ही दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट वाटते. धाप लागते आणि बॅटिंगचा स्टॅमिना जातो, दात पिवळे होतात, हातखर्च महिन्याच्या आठ तारखेला संपतो, दारूच्या नशेतला व्हिडिओ वर्गाच्या ग्रुपवर फिरतो, हे त्याला आजचं वाटतं.

त्याला बोलतं करायचं असेल तर त्याच्याबद्दल विचारू नका, आसपासचं विचारा. ‘तुमच्या शाळेत कितवीपासून मुलं ओढतात रे?’ असं विचारलं की माहिती मिळते. ‘तू ओढतोस का?’ विचारलं की ‘नाही’ एवढंच मिळतं. आणि त्याने खरंच काही सांगितलं, एखाद्या मित्राचं नाव घेतलं, तर त्याच क्षणी ‘त्याच्याशी बोलायचं नाही यापुढे’ म्हणू नका. पुढच्या वेळी तो सांगणार नाही. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००० साली हे मांडलं: मुलांबद्दल आईवडिलांना जे माहीत असतं, त्यातलं बहुतेक त्यांनी पाळत ठेवून मिळवलेलं नसतं, मुलांनी आपणहून सांगितलेलं असतं. माझ्या मते या सगळ्या पानातली हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. बाकीची बहुतेक उत्तरं, मुलाने सांगायचं थांबवू नये यासाठी काय करायचं, याचीच आहेत.

नियम मात्र मोघम ठेवू नका. ‘आमच्या घरात शिक्षण संपेपर्यंत दारू, सिगारेट, गांजा चालणार नाही’ हे एकदा स्वच्छ सांगितलेलं बरं. ‘समजदार आहेस, बघ तुझं तू’ यात मोकळेपणा वाटतो, पण मुलाला ती परवानगी ऐकू येते.

आणि नाही म्हणायचे शब्द त्याला द्या. ‘ड्रग्जला नाही म्हणा’ हे भिंतीवर ठीक आहे, मित्रांच्या कोंडाळ्यात तसं कुणी बोलत नाही. ‘उद्या सकाळी मॅच आहे’, ‘ॲसिडिटी आहे यार’, ‘आई दारातच तोंडाचा वास घेते, घरात घेणार नाही मला’ हे बोलता येतं. शेवटचं वाक्य खरं करायला हरकत नाही. खाष्ट आई ही मुलाच्या खूप कामाची असते.

यांची दर शनिवारी बैठक असते. मुलाला कुठल्या तोंडाने सांगू?

हा प्रश्न बहुतेक वेळा आई विचारते आणि तो वडिलांसाठी असतो. तेव्हा उत्तरही त्यांनाच.

तुम्ही दारू पिता म्हणून मुलाला सांगण्याचा हक्क गेला, असं नाही. पण ढोंग चालणार नाही. मुलगा रोज बघतो, तो तुमच्या भाषणापेक्षा शनिवारकडे जास्त लक्ष देतो. दारू पूर्ण सोडलीत तर उत्तमच. नसेल सोडायची तर काही गोष्टी आजपासून थांबवता येतात. बर्फ, ग्लास, चकणा आणायला मुलाला सांगू नका. मित्रांच्या बैठकीत त्याला बोलावून ‘आता मोठा झाला, दोन वर्षांनी आपल्यात’ अशी थट्टा होऊ देऊ नका. पिऊन गाडीला हात लावू नका, मुलगा मागे बसलेला असताना तर नाहीच. आणि ‘फार टेन्शन आहे, जरा टाकतो’ हे वाक्य घरातून काढून टाका. टेन्शनवरचं औषध म्हणून दारूची ओळख मुलं या वाक्यातून करून घेतात, आणि दहावीच्या वर्षी टेन्शन त्यांनाही असतं.

पिणं या पातळीच्या पुढे गेलं असेल, घरात मारहाण, उधारी, शिवीगाळ असेल, तर मुलाचा प्रतिबंध वडिलांच्या उपचारापासून सुरू होतो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या मराठीतून चालणाऱ्या सभा राज्यात अनेक गावांत आहेत. पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-ॲनॉन आणि किशोरवयीन मुलांसाठी ॲलाटीन हे गट वेगळे असतात. वडील यायला तयार नसले तरी आईने आणि मुलांनी जावं. व्यसनी घरातल्या मुलाला धोका जास्त असतो हे खरं, पण तो त्याच्या कपाळावर लिहिलेला नसतो. त्याला घरातली गोष्ट कुणाजवळ तरी बोलता येणं, एखादी मावशी, मामा, शिक्षक, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

घरीच थोडी बिअर चाखवली तर बाहेर जाऊन पिणार नाही ना?

हा समज शहरी, शिकलेल्या घरांत फार पक्का आहे. ऑस्ट्रेलियात सुमारे १,९०० मुलांचा सहा वर्षं पाठपुरावा करून २०१८ साली निष्कर्ष छापले गेले. आईवडिलांनी दिलेल्या दारूने संरक्षण मिळाल्याचा पुरावा सापडला नाही. उलट अशी मुलं पुढे बाहेरूनही जास्त मिळवू लागली आणि एका बैठकीत जास्त पिण्याचं प्रमाणही वाढलेलं दिसलं.

कायदाही पाहून ठेवा. महाराष्ट्रात बिअरसाठी किमान वय २१ आणि व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी २५ आहे. आणि बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ नुसार १८ वर्षांखालच्या मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यातून घरातले पाहुणे किंवा काका सुटत नाहीत.

मोबाईल तपासावा का? खोलीची झडती? लघवीची तपासणी?

पासवर्ड चोरून चॅट वाचणं एकदाच जमतं. नंतर दुसरा फोन, दुसरं अकाउंट. जीवाला धोका वाटेल असं काही दिसलं असेल, तर वाचा, आणि वाचलं आहे हे त्याला सांगा. एरवी कुठे, कुणाबरोबर, कधी परत, हे तीन प्रश्न रोज उघडपणे विचारण्याचा हक्क तुमचा आहेच, तो वापरा.

लघवी तपासणीचे किट ऑनलाइन मिळतात. घरच्या घरी वापरू नका. गांजा अधूनमधून ओढणाऱ्याच्या लघवीत काही दिवस आणि रोज ओढणाऱ्याच्या लघवीत काही आठवडे दिसतो, दारू काही तासांत जाते, कित्येक नवे पदार्थ साध्या किटमध्ये येतच नाहीत. म्हणजे ‘निगेटिव्ह’ आलं म्हणून निश्चिंत होता येत नाही आणि ‘पॉझिटिव्ह’ आलं की घरात युद्ध होतं. तपासणी डॉक्टरांकडे, मुलाला सांगून.

संगत वाईट आहे. मैत्री तोडायला लावू का?

तोडायला लावली की ती लपून वाढते. त्यापेक्षा त्या मुलांना घरी बोलवा, पोहे खायला घाला, नावं विचारा. त्यांच्या आईवडिलांचे नंबर घ्या. हे शेवटचं काम पालक टाळतात, ‘कसं विचारायचं’ म्हणून.

आइसलँडमध्ये यावरच भर दिला गेला. १९९८ साली तिथली १५-१६ वर्षांची ४२ टक्के मुलं मागच्या महिनाभरात दारूने झिंगलेली होती. २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. त्यांनी मुलांना घाबरवलं नाही. १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर मोठ्यांशिवाय बाहेर राहायचं नाही असा कायदा झाला, वस्तीतले पालक मिळून संध्याकाळी फेरी मारू लागले, आणि खेळ, संगीत यांसाठी सरकारने पैसे दिले. तिथली लोकसंख्या आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी, आपली परिस्थिती वेगळी, हे मान्य. तरी एका सोसायटीतल्या किंवा वाडीतल्या आठ-दहा घरांनी ‘नववी-दहावीची मुलं नऊच्या आत घरी’ एवढं एकत्र ठरवायला कुठला कायदा लागत नाही. एकट्या घराने ठरवलं की मुलाला तो अन्याय वाटतो, सगळ्यांनी ठरवलं की ती पद्धत होते.

खेळ, ढोल-पथक, ट्रेकिंग, नाटक यांत मुलं रमतात हे चांगलंच, पण तिथे मोठं कोण असतं आणि सरावानंतर काय चालतं, हेही एकदा जाऊन बघा.

थर्टी फर्स्ट, मित्राच्या भावाची हळद, विसर्जनाची मिरवणूक. पाठवावं का?

वय आणि जागा बघून. सरसकट बंदीही नको आणि ‘सगळे जातात’ म्हणून सरसकट होकारही नको. तिथे कोण मोठं आहे, परत कशाने यायचं, किती वाजता, हे आधी ठरवा.

याबरोबर एक करार करून ठेवा: काहीही झालं, तू स्वतः प्यायला असशील किंवा गाडी चालवणारा प्यायला असेल, तरी रात्री किती का वाजले असेनात, फोन कर. आम्ही येऊ. त्या रात्री एकही प्रश्न नाही, बोलणं दुसऱ्या दिवशी. हा करार नंतर मोडू नका. दुसऱ्या दिवशी सासूबाईंसमोर आणि शेजाऱ्यांसमोर काढलात, तर पुढचा फोन येणार नाही.

मुलाला एवढंही शिकवा: एखादा मित्र पिऊन बेशुद्ध पडला तर त्याला पाठीवर झोपवायचं नाही, कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही, ओकारी काढायला लावायची नाही, लिंबूपाणी-कॉफी पाजायची नाही. हाक मारून उठत नसेल, श्वास संथ किंवा अडखळत असेल, तर १०८. घरी कळेल या भीतीने पोरं फोन करत नाहीत, आणि त्यातच जीव जातो.

शाळेत व्याख्यान झालंय. पुरेसं आहे का?

नाही. अमेरिकेत १९८३ पासून पोलीस वर्गात येऊन मुलांना नशेविरुद्ध शिकवण्याचा ‘डेअर’ नावाचा प्रचंड कार्यक्रम चालला. पुढच्या अनेक अभ्यासांत त्याच्या मूळ स्वरूपाचा मुलांच्या वागण्यावर टिकाऊ परिणाम दिसला नाही.

मुलगी म्हणते, गांजा नैसर्गिक आहे, शंकराला चालतो, कॅनडात तर कायदेशीर आहे.

वाद घालते आहे याचा आनंद माना आणि नीट वाद घाला. कॅनडाने २०१८ साली गांजा कायदेशीर केला, हे बरोबर. पण तिथेही तो मोठ्यांसाठी. बहुतेक प्रांतांत वय १९, क्युबेकमध्ये २१. तिथल्या सरकारनेही तो मुलांना देणं गुन्हाच ठेवला. कारण विचार करून थांबायचं काम करणारा मेंदूचा पुढचा भाग विशी उलटेपर्यंत घडत असतो. या वयात नियमित गांजा ओढला तर स्मरणशक्ती आणि अभ्यासावर परिणाम होतो, आणि काही मुलांमध्ये, विशेषतः घराण्यात मानसिक आजार असेल तर, भास-संशयाचा आजार उफाळू शकतो. नैसर्गिक तर धोतराही असतो, आणि महादेवाला तोही वाहतात.

अभ्यासाच्या टेन्शनचा आणि याचा संबंध आहे का?

आहे. लातूरला, पुण्याला, कोट्याला क्लाससाठी एकटं राहणारं मूल जागण्यासाठी सिगारेट, झोपण्यासाठी गोळी असं सुरू करू शकतं. आठवड्याच्या फोनवर फक्त टेस्टचे मार्क विचारले जात असतील, तर बाकीचं तो सांगणार कधी? उदासी, घबराट, लक्ष न लागण्याचा आजार, झालेला एखादा छळ: याच्यावर वेळेत उपचार हाही व्यसनाचा प्रतिबंधच आहे.

खिशात सापडलंच. आता?

त्या रात्री काही करू नका. तो नशेत असेल तर बोलण्याचा उपयोग नाही, आणि मारल्याने फक्त पुढची जागा बदलते. दुसऱ्या दिवशी, आईवडिलांनी आधी आपसांत एक ठरवून, मग विचारा: काय, किती दिवस, कुणाबरोबर, आणि त्याने काय बरं वाटतं? शेवटचा प्रश्न वगळू नका, कारण पुढचा मार्ग त्याच उत्तरातून निघतो.

एक-दोनदा करून बघितलेलं मूल आणि रोज लागणारं मूल यांत फरक आहे. पहिल्याला नियम, परिणाम आणि लक्ष पुरतं. दुसऱ्याला डॉक्टर लागतो. दारू किंवा झोपेच्या गोळ्या रोज चालू असतील तर घरी कोंडून एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात. रात्री गाडी पाठवून मुलाला उचलून नेणाऱ्या ‘केंद्रां’पासून दूर राहा. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ प्रमाणे अल्पवयीन मुलाला दाखल करण्याआधी एकाहून अधिक तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्याची सोय मोठ्या रुग्णांपासून वेगळी हवी आणि पालकाने किंवा पालकाने नेमलेल्या व्यक्तीने सोबत राहायचं असतं. हे ज्या केंद्राला माहीत नाही, तिथून परत या.

पहिला फोन कुठे करायचा?

व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६, मराठीत बोलता येतं. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६. मूल संकटात असेल तर १०९८. सरकारी रुग्णालयांतली किशोरवयीनांसाठीची ‘मैत्री’ क्लिनिक आणि वैद्यकीय महाविद्यालयांचे मानसोपचार विभाग कमी खर्चात तपासतात. पुण्यात १९८६ पासून चालणाऱ्या मुक्तांगणसारख्या संस्थांमध्ये घरच्यांचंही समुपदेशन होतं. मूल यायला तयार नसेल तर तुम्ही एकटे जा, चालतं.

शाळेसमोरच टपरी आहे. तक्रार केली तर आपल्यालाच त्रास होईल का?

एकट्याने जाऊ नका. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि तसा फलक लावण्याची जबाबदारी शाळेची. आधी मुख्याध्यापकांच्या सहीने, पालक-शिक्षक संघाच्या नावाने पोलीस ठाणे आणि नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीला पत्र द्या आणि पोच घ्या. गुटखा असेल तर अन्न व औषध प्रशासनाला प्रत. व्हेप किंवा एमडीचा संशय असेल तर टपरीवाल्याशी स्वतः हुज्जत घालू नका. अमली पदार्थांची माहिती १९३३ या क्रमांकावर नाव न सांगता देता येते. पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन बघा, टपरी चार पावलं सरकून परत लागलेली असते.